केळीच्या भावांसाठी आर की पायथन?

प्रश्न : मी जळगावला संख्याशास्त्रात एम. एस्सी. करीत असून, रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या रोजच्या भावांवर प्रकल्प घेतला आहे. सर 'आर' ही संगणकभाषा वापरण्यास सांगतात. पुण्यात नोकरी करणारा मावसभाऊ म्हणतो, पायथनच शीक. दोन्ही फुकट मिळतात, तर निवड कशावर करावी?
— एक वाचक, सावदा

उत्तर : दोन्ही भाषांची घडण वेगळी आहे. गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये खुली केलेली पायथन सर्वसाधारण प्रोग्रॅमिंगसाठी आहे. आर मात्र ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी, बेल लॅब्जमधील 'एस' भाषेच्या धर्तीवर, तयार केली.

तुम्हाला हा फरक सुटलेल्या नोंदींपाशी जाणवेल. समजा, क्विंटलचा भाव एके दिवशी १४०० रुपये, दुसऱ्या दिवशी रकाना रिकामा आणि तिसऱ्या दिवशी १६०० असा आहे. आरमध्ये सरासरी मागितल्यास उत्तर 'एनए' (म्हणजे 'उपलब्ध नाही') येते. रिकामी नोंद वगळावी, असे तुम्ही स्वतः लिहून देईपर्यंत आकडा मिळतच नाही. पायथनमधील पांडास ही लायब्ररी (तयार कोडचा संच) मात्र ती नोंद मुकाट्याने गाळून १५०० सांगून मोकळी होते. बाजाराच्या सुटीमुळे रकाना रिकामा असेल, तर हे चालेल. परंतु भाव पडल्याने व्यवहारच झाला नाही म्हणून रकाना रिकामा राहिला असेल, तर ही सरासरी वस्तुस्थितीपेक्षा चढी दिसेल, आणि जाणता परीक्षक बोट ठेवील ते नेमके तिथेच.

दोन्हीकडच्या मंडळींचा स्वभावही असाच आहे. आरच्या 'क्रॅन' भांडारात तपासणीशिवाय पॅकेज (इतरांनी लिहिलेला असाच तयार कोड) घेत नाहीत, आणि बिघडलेले पॅकेज लेखकाने वेळेत दुरुस्त न केल्यास ते बाजूला काढतात. पायथनच्या 'पायपीआय' या भांडारात कोणीही पॅकेज चढवू शकतो. संग्रह अफाट, पण पारख आपली आपण करायची. कारभार मात्र मला पायथनचा अधिक मोकळा वाटतो : मोठे बदल लेखी प्रस्तावांवरील उघड चर्चेतून ठरतात, आणि २०१८ मध्ये रॉसम निर्णयाच्या जबाबदारीतून बाजूला झाल्यावर मुख्य प्रोग्रॅमरांनी मतदानाने पाच जणांची समिती निवडली. आरची सूत्रे 'आर कोअर' या छोट्या गटाकडेच आहेत.

तेव्हा प्रकल्प सरांच्या म्हणण्याप्रमाणे आरमध्येच करावा. नोकरीसाठी पायथन पुढे शिकावीच लागेल. तेव्हा हे ध्यानात असू द्यावे, की आरमध्ये यादीतील पहिली नोंद १ क्रमांकाची, तर पायथनमध्ये ० क्रमांकाची असते. जुना कोड तसाच उतरवला, तर सोमवारच्या भावाऐवजी मंगळवारचा भाव हाती येईल.