हँक मूडी कोर्टात का जात नाही?

प्रश्न : ‘कॅलिफोर्निकेशन’ या मालिकेचा पहिला भाग पाहिला. हँक मूडीच्या जळजळीत कादंबरीचा स्टुडिओने गुळमट प्रेमपट केला, नावही बदललं. तो नुसता चरफडत फिरतो, खटला का भरत नाही? आणि त्याचं लिखाण आटलंय ते या सिनेमापायीच ना?

उत्तर : खटला भरून काय पदरात पडणार? हक्क त्यानेच विकलेत. हॉलिवूडची रीत अशी की आधी ऑप्शन, म्हणजे थोडे पैसे देऊन पुस्तक ठरावीक मुदतीपुरतं अडवून ठेवायचं. सिनेमा करायचा नक्की झालं की ठरलेली रक्कम द्यायची आणि हक्क ताब्यात घ्यायचे. करारात नाव, शेवट, पात्रं बदलायची मुभा सहसा स्टुडिओकडेच असते. फ्रान्समध्ये हक्क विकले तरी लेखकाचा नैतिक हक्क, म्हणजे आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क, त्याच्याकडेच राहतो. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने तो दिला चित्रकार-शिल्पकारांना; कादंबरीकार बाहेरच.

स्टीव्हन किंगसारखा बडा लेखक १९९२ मध्ये ‘द लॉनमोअर मॅन’ या सिनेमावरून कोर्टात गेला. सिनेमात त्याच्या कथेचं नखभरच उरलं होतं. अपील कोर्टाने काय दिलं? सिनेमा ‘स्टीव्हन किंगचा’ म्हणून विकायला मनाई केली, पण ‘कथेवर आधारित’ ही ओळ राहू दिली. सिनेमा थांबला नाहीच.

नावाचं म्हणाल, तर अमेरिकेत नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट मिळत नाही. ‘गॉड हेट्स अस ऑल’ हे हँकच्या कादंबरीचं नावसुद्धा स्लेयर या मेटल बँडच्या २००१ च्या अल्बमचं आहे. (खुद्द मालिकेच्या नावावरून मात्र रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडने २००७ मध्ये ती दाखवणाऱ्या वाहिनीवर दावा लावला होता, त्यांचा त्याच नावाचा अल्बम १९९९ चा.)

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर साफ नाही असं आहे. सिनेमा ही हँकची सबब आहे. सुरुवातीचं स्वप्न पुन्हा पाहा. तो चर्चमध्ये शिरतो, पवित्र पाण्यात सिगारेट विझवतो आणि येशूसमोर गाऱ्हाणं घालतो ते लिहिता येत नाही याचं. स्टुडिओवर राग असलेला माणूस असा देवासमोर जाऊन उभा राहत नाही. घर मोडलंय, त्याची जोडीदार कॅरन दुसऱ्याशी लग्न करायला निघालीय, त्यांची मुलगी बेका दोन घरांत वाटली गेलीय. ज्या न्यूयॉर्कमध्ये त्याला शब्द सुचायचे ते सोडून तो लॉस एंजेलिसच्या उन्हात येऊन बसलाय. सिनेमा चांगला निघाला असता तरी टाइपरायटरवरचा कागद कोराच राहिला असता. हँक झालेला डेव्हिड डुकॉव्हनी हे सगळं मिश्कील बोलून झाकतो, म्हणून पहिल्या खेपेला नजरेतून सुटतं. या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोब मिळालं ते मला पटतं. पुढच्या सीझनांत हीच तऱ्हा उगाळून उगाळून पातळ झाली, तो भाग वेगळा.

शिवाय एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटलेली दिसते. पुस्तकांच्या दुकानात भेटलेली, त्याचीच कादंबरी वाचत असलेली, जिच्याशी तो मग झोपतो ती मुलगी आठवतेय? ती मिया, कॅरनच्या होणाऱ्या नवऱ्याची मुलगी, वय १६. कॅलिफोर्नियात संमतीचं वय १८ आहे. हे कळल्यावर हँक वकील गाठेल तो सिनेमासाठी नक्कीच नाही.