एसएसीडीसारख्या हाय-रिझोल्यूशन डिस्कना आता भवितव्य आहे का? प्लेअर घ्यावा का?

स्ट्रीमिंगवर २४ बिट (सीडीच्या १६ बिटपेक्षा बारीक) आवाज मिळत असताना एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, वाजवणाऱ्या प्लेअरवर पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. निव्वळ रिझोल्यूशनसाठी घालणार असाल तर घालू नका. एखाद्या रेकॉर्डिंगचं ठरावीक मास्टरिंग (डिस्क निघण्याआधी आवाजाला दिलेलं शेवटचं रूप) किंवा सराउंड मिक्स (भोवतीच्या अनेक स्पीकरसाठी केलेली आवाजाची मांडणी) हवं असेल तर मात्र जरूर घ्या, आणि फार वर्षं थांबू नका.

सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये एसएसीडी आणली तेव्हा सगळा भर आकड्यांवर होता. सीडी म्हणजे १६ बिट, सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापं). एसएसीडीत नमुना एकाच बिटाचा, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४००. गुणाकार केला की एका चॅनेलमागे सीडीच्या बरोबर चौपट माहिती. पाठोपाठ २००० साली डीव्हीडी-ऑडिओ आली, २४ बिट/१९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने) घेऊन. जून २०२१ पासून अ‍ॅपल म्युझिक तेवढंच रिझोल्यूशन नेहमीच्या वर्गणीत देतंय. म्हणजे आकड्यांचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

पण मुळात फरक आकड्यांमुळे होता का? २००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज मध्येच १६ बिट/४४.१ च्या, म्हणजे सीडीच्या दर्जाच्या, टप्प्यातून काढायचा आणि श्रोत्यांना फरक ओळखायला सांगायचं. त्यांना तो ओळखता आला नाही. (२०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, त्यात लहानसा पण खरा फरक दिसला.) मला त्या २००७ च्या लेखातलं दुसरंच निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं: या डिस्क बहुतेक सीडींपेक्षा सरस वाजत होत्या, कारण त्या बनवताना इंजिनिअरांनी जास्त काळजी घेतली होती. सगळी मेख इथे आहे. नव्वदच्या दशकापासून सीडींचा आवाज चढवण्याच्या नादात हळू आणि मोठ्या सुरांतलं अंतर दाबून टाकलं गेलं. एसएसीडी काढणारा माणूस गिऱ्हाईक ओळखून होता, त्याने ते टाळलं. स्ट्रीमिंगवर त्याच अल्बमचं कुठलं मास्टर वाजेल हे तुमच्या हातात नसतं, आणि उद्या ते गुपचूप बदललंही जाऊ शकतं. डिस्कवरचं बदलत नाही.

दुसरी गोष्ट सराउंडची, आणि माझ्या मते पुढची काही वर्षं या डिस्क तिच्यावरच तगतील. फिलिप्सने सत्तरच्या दशकात वाद्यवृंदांची चार-चॅनेल ध्वनिमुद्रणं केली होती. एलपीला ती नीट पेलली नाहीत, टेप पडून राहिल्या. फिलिप्समधूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी २००१ मध्ये पेंटाटोन ही कंपनी काढली आणि त्या टेप एसएसीडीवर आणल्या. तीस वर्षं अडकून पडलेलं काम लोकांच्या कानावर पडलं, हे मला या फॉरमॅटचं सगळ्यात मोठं पुण्य वाटतं. नॉर्वेतली टूएल ही कंपनी चर्चमध्ये मध्यभागी माइक ठेवून भोवती वादकांना गोलाकार बसवते, आणि ब्लू-रे व एसएसीडी एकाच पाकिटात देते. हल्लीची नवी सराउंड मिक्सेस बहुतेक ब्लू-रेवर येतात. तिथे डॉल्बी अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज देणारी सराउंड पद्धत) काहीही न गाळता मिळतं, स्ट्रीमिंगवर तेच बरंच आवळून येतं. दोन स्पीकरच्या संगीतात डिस्कची आघाडी संपली, सराउंडमध्ये ती अजून शाबूत आहे.

मग हे चाललं का नाही? दोन फॉरमॅट आपसात भांडत बसले आणि तेवढ्यात लोक आयपॉड घेऊन मोकळे झाले. शिवाय कॉपी रोखणारी कुलपं. कॉम्प्युटरच्या साध्या ड्राइव्हमध्ये एसएसीडी वाचताच येत नाही. सुरुवातीच्या प्लेअरना तर डिजिटल आवाज बाहेर द्यायचीही मुभा नव्हती, सराउंडसाठी मागे सहा अ‍ॅनालॉग वायरी खोचाव्या लागत. पैसे मोजणाऱ्यालाच चोर ठरवलं की तो दुसरी वाट धरणारच.

हायब्रिड डिस्कची, म्हणजे एसएसीडी आणि साधी सीडी दोन्ही असलेल्या डिस्कची, रचना मात्र देखणी आहे. ०.६ मिलिमीटर खोलीवर अर्धपारदर्शक थर, त्यात एसएसीडी. १.२ मिलिमीटरवर परावर्तक थर, त्यात साधी सीडी. सीडी प्लेअरचा ७८० नॅनोमीटरचा लेझर मधल्या अर्धपारदर्शक थरातून आरपार जाऊन सीडी वाचतो, एसएसीडीचा ६५० चा लाल लेझर मधल्याच थरावरून परततो. त्यामुळे प्लेअर नसला तरी डिस्क वाया जात नाही. घ्यायची तर हायब्रिडच घ्या. जपानमध्ये निघणाऱ्या काही एसएसीडींत सीडीचा थर नसतो, तेवढं पाहून मागवा.

खरी धास्ती प्लेअरची आहे. डिस्क नीट ठेवली तर दीर्घकाळ टिकते, लेझर आणि मोटर झिजतात. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं आणि सगळं वाजवणारा एक चांगला पर्याय गेला. डेनॉन, मरांट्झ यांनी एसएसीडी सोडलेली नाही, पण हे प्लेअर महाग आहेत आणि बहुतेक फक्त स्टीरिओ देतात. म्हणून थांबू नका म्हटलं.

तुम्ही मुख्यतः ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं ऐकत असाल तर मात्र हा खर्च करू नका. आपलं संगीत या फॉरमॅटवर फार तुरळक आलं. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची जुगलबंदी एसएसीडीवर निघाली, पण अशी उदाहरणं अपवादच. तेवढ्या पैशात चांगले स्पीकर घ्या.

सेकंड-हँड प्लेअर बघायला जाताना एक हायब्रिड डिस्क सोबत न्या. आधी सीडीचा थर वाजवा, मग एसएसीडीचा, आणि शेवटच्या ट्रॅकवर उडी मारा. सीडी सुरळीत वाजली आणि एसएसीडी ओळखायला यंत्र चाचपडत राहिलं, तर लेझर थकलाय. त्याचा सुटा भाग मिळेल अशी आशा धरू नका, दुसरा प्लेअर बघा.