कॅज्युअल्टीतून ओटीत: ‘मला नर्सिंगच जमत नाही का?’

‘साडेतीन वर्षं कॅज्युअल्टी केली. रात्री अपघाताची केस आली की डॉक्टर पोचेपर्यंत माझ्या सलाइनच्या दोन लाइन लावून, सॅम्पल काढून झालेले असायचे. आता ओटीत साधी कात्री देताना हात थरथरतो. मला नर्सिंगच जमत नाही का?’

एका खासगी रुग्णालयातल्या स्टाफ नर्सचा हा प्रश्न. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कॅज्युअल्टीतून, म्हणजे तातडीच्या विभागातून, बदली होऊन ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आलेल्या अनेक सिस्टर जवळपास याच शब्दांत हे विचारतात, म्हणून ही केस सविस्तर मांडते आहे.

‘जमत नाही’ हे वाक्य इतकं मोठं आहे की त्यावर कुठलाच उपाय चालत नाही. म्हणून पहिल्या भेटीनंतर त्यांना एकच काम दिलं होतं: गेल्या दोन आठवड्यांत हात कधी थरथरला, तेवढे प्रसंग तारखेसह लिहून आणा. यादीतले बहुतेक प्रसंग इन्स्ट्रुमेंटच्या नावांचे निघाले. सर्जन सरांनी मेट्झेनबॉम कात्री मागितली, सिस्टरनी मेयो दिली. मेयो जाडजूड, दोरा आणि चिवट भाग कापायची; मेट्झेनबॉम नाजूक, लांब दांड्याची, मऊ टिश्यूसाठी. सरांनी कात्री ट्रेमध्ये आपटली आणि पुढचा तासभर त्यांना काही सुचेना.

नावांचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. त्या भिंतीवरचा चार्ट पाठ करत होत्या आणि केसमध्ये काहीच आठवत नव्हतं, कारण ऑपरेशन चार्टच्या क्रमाने होत नाही. त्याऐवजी एकच ऑपरेशन धरायचं ठरलं. त्यांच्याकडे रोज सिझर, म्हणजे सिझेरियन, असायचे, म्हणून सिझर. पेंटिंगला, म्हणजे त्वचेला जंतुनाशक लावायला, स्पंज होल्डर, मग टॉवेल क्लिप, चार नंबर हँडलवर 22 नंबर ब्लेड, टूथ्ड फोर्सेप्स (दातेरी चिमटा), रक्तवाहिनी धरायला आर्टरी फोर्सेप्स, जखम उघडी धरायला डॉयन रिट्रॅक्टर, गर्भाशयाच्या कडांना ग्रीन आर्मिटेज चिमटे, आणि नीडल होल्डरवर व्हिक्रिल दोऱ्याची सुई, दोऱ्याकडच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर पकडलेली. ड्युटी संपल्यावर अर्धा तास सेट धुऊन पॅक करणाऱ्या अटेंडंटबरोबर बसायचं आणि डोळे मिटून इन्स्ट्रुमेंट ओळखायचं, तेही दुहेरी ग्लव्ह घालून, कारण केसमध्येही हाताला तसंच लागणार असतं. एका ऑपरेशनचा क्रम बसला की पुढच्यात निम्मी इन्स्ट्रुमेंटं ओळखीचीच निघतात.

शरीराची सवय बदलायला जास्त वेळ लागतो. कॅज्युअल्टीत काही पडू लागलं की हात आपोआप झेलायला जातो. ओटीत पडणारी वस्तू पडू द्यायची, कारण टेबलाच्या पातळीखालचं सगळं अनस्टेराइल, म्हणजे निर्जंतुक नसलेलं. गाउनचा समोरचा भाग छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंत आणि बाह्या कोपराच्या थोड्या वरपर्यंत, एवढाच स्टेराइल; पाठ नाही, काखही नाही. रिकामे हात कमरेच्या वर, समोर. कॅज्युअल्टीत सतत चालणाऱ्या बाईला दोन तास एका जागी उभं राहणं ही शिक्षा वाटते आणि चक्करही येते. केसआधी खाऊन घ्यावं, गुडघे ताठ धरू नयेत, पोटऱ्या अधूनमधून आवळाव्यात. तरी डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘मला चक्कर येतेय’ असं सांगून टेबलापासून मागे सरकावं. पेशंटवर किंवा ट्रॉलीवर पडणं सगळ्यात वाईट.

खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत बाहेर आली. एका केसमध्ये त्यांचा ग्लव्ह सलाइनच्या अनस्टेराइल स्टँडला लागला होता. कोणी पाहिलं नाही. सर आधीच चिडलेले, म्हणून त्या गप्प राहिल्या. पेशंटला काही झालं नाही, टाकेही नीट भरले. पण तेव्हापासून झोप उडाली होती, आणि कात्री देताना हात थरथरायचा तो या भीतीने. त्या दिवशी त्या बराच वेळ रडल्या. ‘मॅडम, मी असं कधी केलं नव्हतं,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

हे ऐकून ‘विसरून जा’ म्हणायचं नसतं. त्यांची अस्वस्थता योग्य जागी होती, फक्त तिला वाट नव्हती. कॅज्युअल्टीत हाताशी असेल त्यावर भागवून पुढे जाणं हाच गुण असतो. कामाचा वेग थांबवणारी सिस्टर तिथे कोणालाच नको असते. ओटीत मात्र ‘थांबा’ म्हणणं हा स्क्रब सिस्टरच्या, म्हणजे टेबलापाशी उभं राहून सर्जनना इन्स्ट्रुमेंट देणाऱ्या सिस्टरच्या, कामाचाच भाग आहे. म्हणून दोन वाक्यं ठरवली आणि ती खोलीत उभं राहून, मास्क लावून, मोठ्याने म्हणायचा सराव केला. पहिलं: ‘सर, माझा ग्लव्ह कंटॅमिनेट झालाय, बदलते.’ यात ‘सॉरी’ नाही आणि पुढे खुलासाही नाही. दुसरं: ‘सर, एक मॉप कमी आहे, क्लोजर थांबवा.’

मॉप म्हणजे जखमेतलं रक्त टिपायचं कापड, आणि क्लोजर म्हणजे पोट शिवून बंद करणं. या दुसऱ्या वाक्यामागे पद्धत पक्की हवी. काउंट दोघींनी, मोठ्याने, प्रत्येक मॉप वेगळा करून, फ्लोअर सिस्टरने (टेबलापासून दूर राहून सामान पुरवणाऱ्या) बोर्डवर लिहीत: सुरुवातीला, गर्भाशय शिवण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि त्वचेच्या टाक्यांच्या वेळी. मध्येच मॉप दिला तर तेव्हाच लिहायचा, ‘नंतर लिहिते’ इथेच घोळ होतो. सुया आणि इन्स्ट्रुमेंटही त्यातच. कमी भरलं तर पुन्हा मोजणी, मग जखम, ड्रेपच्या (पेशंटवरच्या निर्जंतुक चादरींच्या) घड्या, बकेट, जमीन, कचऱ्याच्या पिशव्या. तरीही सापडला नाही तर एक्स-रे, कारण मॉपमधला धागा एक्स-रेत दिसतो. या सगळ्या पायऱ्या माहीत असल्या की आवाज आपोआप ठाम होतो.

बोलायला सुरुवात करण्याची सोपी जागा आहे टाइम आउट, म्हणजे छेद घेण्याआधी सगळ्यांनी घ्यायचा छोटा थांबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्टमध्ये छेद घेण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असतं. आपल्याकडे पुष्कळदा नुसती टिक होते, आणि ते चुकीचं आहे. या सिस्टरनी तिथेच म्हणायला सुरुवात केली: ‘मी आज हे ऑपरेशन पहिल्यांदा स्क्रब करतेय.’ सरांचा सूर त्यानंतर बराच बदलला, असं त्या सांगतात.

इन्चार्ज सिस्टरकडे त्यांनी महिनाभर फ्लोअर ड्युटी मागितली. स्टाफ कमी म्हणून पंधरा दिवस मिळाली. तेवढ्यातही उपयोग झाला, कारण फ्लोअरवर कॅज्युअल्टीचं शिक्षण थेट कामी येतं. एका सिझरला स्पायनल भूल दिल्यानंतर पेशंट मळमळतंय म्हणाली, चेहरा पांढरा पडला. यांनी लगेच बीपी पुन्हा लावलं आणि भूलतज्ज्ञांनी मागायच्या आत बीपी वाढवणारं मेफेंटर्मिन हाताशी आणून ठेवलं.

‘लवकर!’ हा ओटीतला आवाज बहुतेकदा जखमेतल्या रक्तस्रावावर असतो, तो अंगाला लावून घेऊ नये. इन्स्ट्रुमेंट फेकणं किंवा शिवी देणं ही वेगळी गोष्ट. तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहून मेट्रनकडे (नर्सिंगच्या प्रमुखांकडे) द्यावं. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल, ड्युटीच्या विचाराने छाती धडधडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

स्वतंत्रपणे केस घ्यायला सहा महिने ते वर्ष लागणं सर्वसाधारण आहे. त्याआधी ‘परत कॅज्युअल्टीत पाठवा’ असा अर्ज घाईने देऊ नये. पण एवढा काळ नीट शिकूनही मन तिकडेच ओढत असेल, तर तो अर्ज सरळ द्यावा आणि कारणाच्या जागी ‘ओटी जमत नाही’ असं न लिहिता ‘तातडीच्या सेवेत काम करायची इच्छा आहे’ असं लिहावं. या सिस्टरनी तो विषय सध्या मार्चपर्यंत बाजूला ठेवला आहे.