वेबसाइटवर येतं कोण, ते कसं कळणार?

प्रश्न : मी एका म्युझियमची वेबसाइट सांभाळते. दर महिन्याला अ‍ॅनालिटिक्सचा रिपोर्ट काढून वरिष्ठांना देते, व्हिजिट किती, मोबाइलवरून किती, सगळं असतं त्यात. पण परवा मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, ही माणसं आहेत कोण आणि त्यांना हवंय काय, तर मला काहीच सांगता येईना. वस्तूंच्या पानांवरून तर बहुतेक लोक एकच पान बघून निघून जातात. पानं वाईट आहेत का?

उत्तर : ताई, पानं वाईट आहेत असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. समजा एखाद्याने इमेज सर्चमधून येऊन तुमच्या एका मूर्तीचा फोटो झूम करून पाच मिनिटं बघितला, दागिने बघितले, खालची माहिती वाचली आणि टॅब बंद केला. जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये या माणसाची नोंद बाउन्स, म्हणजे एकच पान बघून परत गेलेला, आणि वेळ शून्य अशी व्हायची, कारण पुढची क्लिकच झाली नाही तर वेळ मोजायला अ‍ॅनालिटिक्सकडे काही नसायचं. म्हणजे तुमचा सगळ्यात मन लावून बघणारा माणूस रिपोर्टात नापास! नव्या व्हर्जनमध्ये 10 सेकंदांच्या वर थांबलेला माणूस एंगेज्ड, म्हणजे खरंच लक्ष देणारा, धरतात, त्यामुळे 1 जुलै 2023 ला जुनं बंद व्हायच्या आधीचे आकडे आत्ताच्या आकड्यांशेजारी ठेवून आलेख काढू नका, मोजायची पट्टीच बदललीय. शिवाय कुकीला, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या ओळखीच्या छोट्या फाइलला, नाही म्हणणारे बऱ्याचदा मोजलेच जात नाहीत, आणि एकच बाई सकाळी फोनवर, दुपारी ऑफिसात आली तर त्या दोन बायका होतात.

पण खरी अडचण याच्याही पुढची आहे. आकडा सांगतो काय दाबलं, का दाबलं ते नाही सांगत. त्याच मूर्तीच्या पानावर होमवर्कवाली मुलगी येते, संशोधक येतो, रविवारी मुलांना घेऊन जावं का बघणारी आई येते, आणि नुसतं छान वाटतं म्हणून बघणाराही येतो. म्युझियमला येणाऱ्यांचा अभ्यास करणारे जॉन फॉक यांनी 2009 च्या पुस्तकात म्युझियममध्ये येणाऱ्यांचे गट वय-शिक्षणावरून न पाडता, ते कशासाठी आलेत यावरून पाडले, कुतूहल म्हणून, दुसऱ्याला दाखवायला, कामासाठी, निवांत व्हायला वगैरे. मला हा विचार फार पटतो, पण ते गट प्रत्यक्ष इमारतीत येणाऱ्यांचे आहेत, वेबसाइटवर जसेच्या तसे चिकटवू नका. तिथे बऱ्याचदा माणसाला आपण म्युझियमच्या साइटवर आहोत हेही माहीत नसतं, तो थेट सर्चमधून आत उतरलेला असतो.

तुमच्याकडे एक खजिना मात्र नक्की असेल, सर्च बॉक्सची नोंद. शून्य रिझल्ट आलेले शब्द काढा आणि शांतपणे वाचा. कलेक्शनच्या सर्चमध्ये लोक तिकीट, वेळ, पार्किंग टाइप करताना दिसले तर समजा की मेन्यू त्यांना सापडत नाहीये, आणि वस्तूंची नावं दिसली तर तुमच्या कॅटलॉगची भाषा त्यांची नाही. हे रिपोर्टात घाला, वरिष्ठ नक्की वाचतील.

प्रश्न : मग सरळ पॉप-अप सर्व्हे लावू का? लोक वैतागतात म्हणे.

उत्तर : लावा, पण पानभर नको. एकच प्रश्न, "आज कशासाठी आलात?", चार-पाच पर्याय आणि एक मोकळी जागा. ही मोकळी जागा काढू नका, न सुचलेली कारणं तिथेच सापडतात. ते उत्तर अ‍ॅनालिटिक्सला जोडून घ्या, म्हणजे होमवर्कवाले कुठे अडकतात आणि सहलीवाले कुठे, ते वेगवेगळं दिसेल. भरणारे बहुतेक आधीच तुमच्यावर प्रेम करणारे असतात, घाईतला माणूस क्रॉस मारून जातो, म्हणून त्यावरून टक्केवारी जाहीर करू नका. त्याच्या जोडीला चार-पाच अनोळखी लोकांना शेजारी बसवून साइटवर एखादं काम करायला द्या आणि मध्ये न बोलता बघा, हे खूप शिकवतं. आणि सर्व्हे एकदा शाळा चालू असताना आणि एकदा सुट्टीत लावा, येणारी माणसंच बदललेली असतात.