मेयोचा कप्तान, कर्ड्याचे सावकार

प्रश्न : बाई, माझी मुलगी आयर्लंडमध्ये गॉलवेला नर्स आहे. तिच्याकडे गेलो असताना ती मला शेजारच्या मेयो परगण्यात ‘द नील’ नावाच्या लहानशा गावी घेऊन गेली. ‘बॉयकॉट’ हा शब्द या गावात जन्मला असं तिथे ऐकलं. ते खरं का? आणि टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार आपण तिकडूनच घेतला का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : खरं आहे, आणि तुम्ही ते गाव पाहून आलात याचा मला फार आनंद झाला.

चार्ल्स बॉयकॉट हा इंग्रज कप्तान. लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून लॉक मास्क तळ्याकाठी राहायचा. १८७९ साली पावसाने बटाटा गेला. कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली, जमीनदार दहाच्या पुढे जाईना. सप्टेंबर १८८० मध्ये घरं-जमिनी खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या. त्या घेऊन आलेल्या माणसाला बायकांनी चिखल आणि शेण मारून पळवून लावलं. (इतिहासाच्या पुस्तकात कुळांचा आयरिश पुढारी पार्नेल असतो, या बायका नसतात.) पार्नेल काही दिवस आधीच एनिसच्या सभेत म्हणाला होता की, दुसऱ्याची हिसकावलेली जमीन जो घेईल त्याच्याशी बाजारात, दुकानात, चर्चमध्येसुद्धा बोलू नका. गावाने तो नियम कप्तानाला लावला. गडी गेले, लोहार येईना, कपडे धुणारी येईना, टपाल आणणारा पोरगा थांबला, दुकानदार माल देईना. पीक शेतात उभं. शेवटी कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून पन्नासेक माणसं कापणीला आणली आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक. पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड गेले, असा अंदाज तेव्हाच केला गेला. कापणी उरकली आणि कप्तान सहकुटुंब निघून गेला.

शब्द सुचवला नीलच्या धर्मगुरूंनी, फादर ओ’मॅली यांनी. रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार त्यांच्याकडे जेवायला होता. वाळीत टाकण्यासाठी इंग्रजीत जो जड शब्द आहे तो तिथल्या शेतकऱ्यांना कळणार नाही, ही त्याची अडचण. फादरनी कप्तानाचं आडनावच पुढे केलं.

आता आपल्याकडचं. माझं आजोळ शिरूर तालुक्यातलं, त्यामुळे हे सांगताना मी जरा लांबते. याच तालुक्यातल्या कर्डे गावी १८७४ च्या अखेरीस, म्हणजे बॉयकॉटच्या आधी सहा वर्षं, लोकांनी सावकारांशी व्यवहार तोडला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, शेतसारा वाढला होता, आणि एका कर्जदाराचं घर सावकाराने कोर्टाच्या हुकूमनाम्यावर पाडलं, ते गावाच्या जिव्हारी लागलं. सावकारांची शेतं कोणी कसेना. न्हावी, परीट, चांभार, सगळ्या बलुतेदारांनी कामं बंद केली. कंटाळून सावकार तालुक्याला निघाले, तर त्यांची गाडी हाकायला माणूस मिळेना! हे लोण इतर गावांत गेलं, आणि १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याच्या बाजारात कर्जाची खतं जाळण्यापर्यंत पोचलं. कर्ड्याच्या न्हाव्याने मेयोचं नाव ऐकलं नव्हतं आणि मेयोच्या लोहाराने कर्ड्याचं. तरी दोघांनी एकच गोष्ट केली.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : १९०५ च्या चळवळीत ‘बॉयकॉट’ हा शब्द आणि आयर्लंडचं उदाहरण दोन्ही आपल्या पुढाऱ्यांसमोर होतं. रीत मात्र गावाला जुनीच ठाऊक होती.

तिची दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. निफाड तालुक्यात शिकवत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घराला जातपंचायतीने वाळीत टाकलं, कारण तिच्या मावशीने जातीबाहेर लग्न केलं होतं. मेयोत आणि कर्ड्यात गरिबांनी बळवान माणसाला एकटं पाडलं. इथे बळवान माणसं एका गरीब घराला एकटं पाडत होती. राज्यात याविरुद्ध कायदा झाला तो २०१६ चा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या मुलीच्या वेळी तो नव्हता. तिचे आजोबा गेले तेव्हा तिरडीला चौथा खांदा द्यायला आमच्या शाळेचा शिपाई गेला होता.