खिचडीत आपले काय आहे?

प्रिय सई,

आषाढी एकादशीच्या सकाळी साबुदाण्याच्या खिचडीची बशी पुढे ओढून तू विचारलेस, "आई, शाळेत सांगितलं की बटाटा, मिरची, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंद, सगळं अमेरिका खंडातून आलंय. मग यात आपलं काय आहे?" मी "आधी खाऊन घे" एवढेच म्हणाले. तुझ्या बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता, तरी तो प्रश्न मला लागला; म्हणून हे पत्र.

तू म्हणालीस ते खरे आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली तेव्हा तुझ्या बशीतला बटाटा, मिरची, शेंगदाणा यांपैकी काहीही आपल्या मुलखात नव्हते. पोर्तुगिजांनी बटाटा आणला आणि त्याचे नावही त्यांचेच आपल्या तोंडी राहिले. त्याआधी तिखटासाठी मिरे असत. नवी शेंग आली तेव्हा तिला त्याच मिऱ्यावरून मिरची म्हणू लागले. साबुदाण्याचे तर मलाच नवल वाटले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मलायाकडून येणारा साबुदाणा थांबला आणि मग तामिळनाडूत सेलमच्या आसपास कंदापासून तो करू लागले. म्हणजे माईपणजी मला जो साबुदाणा "पूर्वापार चालत आलेला" म्हणून खाऊ घालत असे, तो तिकडे तयार होऊ लागला तेव्हा ती स्वतःच ऐन विशीत होती.

फलटणच्या घरी एकादशीच्या आदल्या रात्री माई साबुदाणा धूत असे. पाणी निथळून टाकल्यावर हात ओला राहील इतकाच ओलावा ती पातेल्यात ठेवी आणि वर ताटली झाकी. पहाटे मला उठवून एक दाणा माझ्या अंगठ्यावर ठेवी आणि म्हणे, "दाबून बघ." तो मधे टणक न लागता सहज चिरडला, की मगच चूल पेटायची. दाण्याचे कूट खलबत्त्यात कुटण्याचे काम माझे. ते साबुदाण्याला नीट चोळले नाही तर खिचडीचा गोळा होतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होते. आठवड्याभरापूर्वीच माउलींची पालखी फलटणचा मुक्काम करून पुढे गेलेली असे, आणि त्या पहाटे माई मधूनच हात थांबवून "आता पोचली असतील सगळी" असे स्वतःशीच म्हणे. माझ्यासाठी एकादशी म्हणजे हे सारे होते, आणि तुझा प्रश्न ऐकताना कोणीतरी ते पातेलेच उचलून नेत आहे असे मला क्षणभर वाटले.

पण मीही तुझ्याच वयाची असताना माईला विचारले होते, की उपासाला हळद का चालत नाही. हळद आपल्याकडची, शेकडो वर्षांची, देवाच्या पूजेतही लागणारी. तरी आपल्या घरी ती उपासाच्या पदार्थात पडत नाही, आणि समुद्रापलीकडून आलेली मिरची मात्र खुशाल पडते. माई म्हणाली, "आपल्यात चालत नाही." त्या उत्तराने मी फार हिरमुसले होते, आणि परवा मी तुला जवळजवळ तेच उत्तर दिले. मला वाटते, रोजचे धान्य आणि रोजचा मसाला सोडायचा असे ठरले तेव्हा हे नवे जिन्नस कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते, म्हणून ते उपासात सहज शिरले असतील. हा माझा तर्क आहे, तू तो मानलाच पाहिजेस असे नाही.

आणखी एक सांगते. ज्याच्यासाठी हा उपास, त्या विठ्ठलाला ज्ञानेश्वरांनी कानडा म्हटले आहे. अक्काआजीच्या नावातला 'अक्का' आणि आजोबांना सारा वाडा म्हणे तो 'अण्णा', हे शब्दही कानडीतून आलेले. अण्णा हाक मारल्यावर आजोबा वळून बघत, तेव्हा तो शब्द कुठला हे आमच्यापैकी कोणाच्या मनात येत नसे. खिचडीचे तसेच असावे असे मला म्हणायचे आहे, पण इथे लंडनमध्ये वाढणाऱ्या तुला ते पटावे असा आग्रह मी कोणत्या तोंडाने धरू, हेही मला कळत नाही. तुला ती हाक रोज ऐकू येत नाही.

कार्तिकी एकादशीला मी वरीचे तांदूळही करणार आहे. ती वरी आपल्याकडचीच, जुनी. उपास करायचा की नाही हे तुझे तू ठरव, मी रागावणार नाही. साबुदाणा मात्र आदल्या रात्री भिजवीन, आणि पहाटे जाग आलीच तर दाणा दाबून बघायला ये. रविवारी अक्काआजीचा फोन येईल तेव्हा तिला हळदीचे विचार. मला तिने कधी सांगितले नाही, तुला कदाचित सांगेल.

तुझी,
आई