४० टक्क्यांच्या आतलं दिव्यांगत्व आणि परीक्षेतला लेखनिक

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. बारावीनंतर दुचाकीच्या अपघातात उजव्या खांद्याच्या नसांना इजा झाली. बोटांना पकड राहिलेली नाही, पान-दीड पान लिहिलं की हात बधिर होतो. माझं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचं आहे. लेखनिक आणि जादा वेळ मागितला तर परीक्षा विभागातून ‘४० च्या खाली काही मिळत नाही’ असं सांगितलं. एक सर म्हणाले, बाकीच्या मुलांवर अन्याय होईल. पेपर अर्धवट राहिल्याने दोन विषयांत एटीकेटी लागली. प्रॅक्टिकलला ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने सोडायची तोटीची काचनळी) धरता येत नाही. पुढची सत्र परीक्षा दीड महिन्यावर आली आहे. काय करू?

उत्तर : परीक्षा विभागाचं म्हणणं चुकीचं आहे. तुम्हाला लेखनिकही मागता येतो आणि जादा वेळही. मात्र त्यासाठी तुमच्याजवळचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. आणखी एक कागद लागतो, आणि तो कोणता हे तुम्हाला आजवर कुणीच सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ अशा दोन स्वतंत्र व्याख्या आहेत. ४० टक्क्यांची अट फक्त दुसरीला आहे. उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण कलम ३२ खाली त्या दुसऱ्या गटासाठी आहे, ते तुम्हाला मिळणार नाही. पण परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख कलम १७ मध्ये येतो, आणि तिथे नुसतं ‘दिव्यांग विद्यार्थी’ म्हटलं आहे. टक्केवारीचा शब्दही नाही. आरक्षणाची अट उचलून परीक्षेच्या सोयींना लावली जाते, तिथेच सगळा घोळ होतो.

हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात दूर केला. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत आणि वैद्यकीय मंडळाने त्याचं दिव्यांगत्व अवघं ६ टक्के ठरवलं होतं. तरीही लेखनिक हा त्याचा हक्क आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. सवलतीचा गैरवापर होईल हा आयोगाचा युक्तिवादही न्यायालयाने मानला नाही. त्या सरांच्या अन्यायाच्या शंकेला माझं उत्तर एवढंच, की तुमचं उत्तर दुसऱ्याच्या हाताने कागदावर उतरतं, ते सुचावं लागतं तुम्हालाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार प्रकरणात, २५ टक्के दिव्यांगत्व असलेल्या उमेदवाराच्या याचिकेवर, न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा घेतली.

आता तो कागद. २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांच्या आतल्या, पण लिहिण्यात अडचण असणाऱ्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये विभागाने सुधारित सूचना काढल्या, म्हणून अर्ज करण्याआधी चालू सूचना आणि त्यातला नमुना तपासून घ्या. २०२२ च्या सूचनांत ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण त्यासाठी ‘या व्यक्तीला लिहिण्यात मर्यादा आहे आणि लेखनिकाची गरज आहे’ असं सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र सूचनांसोबतच्या नमुन्यात लागतं. तुमचं ३५ टक्क्यांचं प्रमाणपत्र हात किती निकामी आहे ते सांगतं, लिहिता येतं की नाही ते सांगत नाही. म्हणून या आठवड्यातच जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात अर्ज द्या. नमुना छापून सोबत न्या. नसांच्या तपासणीचे अहवाल आणि ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डही ठेवा. कधीकधी तिथेही टक्केवारी विचारून परत पाठवतात. तसं झालं तर सूचनांची प्रत समोर ठेवा आणि शांतपणे अर्ज पुढे करा.

महाविद्यालयात आता तोंडी काही बोलू नका. प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहा, त्याची प्रत विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना द्या आणि दोन्हीकडून आवक क्रमांकाची पोच घ्या. कलम १७, वरचे दोन निकाल आणि केंद्राच्या चालू सूचना यांचा उल्लेख करा. नकार द्यायचा असेल तर कारणांसह लेखी द्यावा, हे वाक्य अर्जात नक्की असू द्या. लेखनिक तुम्ही आणणार असाल तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा कमी असावं लागतं. २०२२ च्या सूचनांत ते एक पायरी कमी होतं, आता किती ते चालू सूचनांत पाहा. विज्ञानाच्या पेपरात सूत्रं आणि आकृत्या सांगून लिहून घ्यायची सवय दोघांनाही हवी, त्यामुळे माणूस आजच शोधा.

प्रॅक्टिकलबद्दल मला तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही. लेखनिकाच्या सूचना लेखी परीक्षेसाठी आहेत. ब्युरेटसाठी कायद्यातल्या ‘वाजवी सोय’ या संकल्पनेवर उभं राहावं लागेल : संस्थेवर अवाजवी बोजा न पडता करता येण्यासारखा आवश्यक बदल. नुसतं ‘मदत करा’ न म्हणता तुम्हीच मार्ग सुचवा. प्रयोगशाळा सहायकाने तुमच्या सूचनेनुसार तोटी फिरवावी, कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवावं, वाचन आणि आकडेमोड तुमची. यात महाविद्यालयाचा एक रुपयाही जादा जात नाही, म्हणून नकार देणं त्यांना जड जाईल.

झालेल्या पेपरांमागे मी फार धावणार नाही. २०२१ मधल्या अवनी प्रकाश प्रकरणात नीटच्या उमेदवाराला जादा वेळ चुकीने नाकारला होता. चूक झाल्याचं न्यायालयाने मान्य केलं, भरपाईचा मार्ग काढायला सांगितलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. एटीकेटीच्या पेपरांना मात्र हीच सोय मागा आणि ते अर्जातच लिहा.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीला १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो, त्यावर विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे दाद मागता येते. सोबतच पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पाठवा. त्यांना चौकशीत दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, पण त्यांच्या शिफारशीवर काय केलं ते कळवायला संस्थेला तीन महिन्यांची मुदत असते. तुमच्याकडे दीड महिनाच आहे. म्हणून परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधीपर्यंत काही हाललं नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करून अंतरिम आदेश (अंतिम निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश) मागणं हाच खरा उपाय. सांगली जिल्ह्याची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, मुंबई गाठायची गरज नाही. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्री म्हणून आणि दिव्यांग म्हणूनही मोफत वकील मिळण्यास तुम्ही पात्र आहात. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पोच घेतलेले अर्ज आणि वैद्यकीय कागद घेऊन जा. नकार लेखी आला असेल तर तोही न्या, आणि तोंडीच मिळाला असेल तर कोणत्या तारखेला, कोण, काय म्हणालं ते आजच लिहून ठेवा.